बधिर बोटांच्या मुठीत

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे आणि माझी गोष्ट बरीचशी भीतीची आहे. चार जाड टायरांची, उघड्या सीटची, डोंगरात कुठेही चढणारी गाडी तुम्ही पाहिली असेल. तिला गोल स्टिअरिंग नसते, मोटरसायकलसारखे हँडल असते. त्या हँडलचा दांडा म्हणजे मी. गाडीवर बसलेला माणूस इंजिनाला हात लावत नाही की चाकांना लावत नाही. तो सारा वेळ मला धरून असतो. त्यामुळे त्याच्या मनातले सगळ्यांत आधी मला कळते.

पोलादाची पातळ नळी दोन्ही बाजूंनी वाकवली, वर काळा रंग फासला आणि मी तयार झालो. गाडीवर बसवताना मला लोखंडी पकडीत करकचून आवळले. मध्ये रबराचा एक तुकडासुद्धा नव्हता. पहिल्यांदा इंजिन सुरू झाले तेव्हा अंगातून अशी थरथर गेली की वाटले, आता आपण फुटणार. फुटलो नाही. पण ती थरथर माझ्यात मुरतही नव्हती. ती माझ्यातून वाहत पुढे जायची, मला धरणाऱ्या हातांत.

ते हात गुरांच्या डॉक्टरीणबाईंचे होते. सगळे त्यांना डॉक्टरताई म्हणत. हात लहानखुरे, पण पकड पक्की. जिथे रस्ता संपतो तिथून आमचे काम सुरू व्हायचे. अडलेली गाय, पाय मोडलेली शेळी, पोट फुगलेला घोडा. आमचा आवाज लांबून ऐकूनच लोक म्हणत, "आल्या ताई, आता घोर नाही." उतरताना ताई मला थोपटत. त्या थोपटण्यावर मी सगळे डोंगर चढत होतो.

पुढे माझ्या मुठींचे रबर घासून दगडासारखे कडक झाले. ताई मधूनच एक हात सोडून झटकू लागल्या. थंडीच्या सकाळी त्यांची बोटे पांढरी पडत. एकदा अंगणात गाडीवरून उतरल्या आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, किल्ल्या पडल्या."

"कुठं?"

"कुठं काय, तुझ्याच हातातून!"

ताईंनी तळहाताकडे पाहिले. किल्ल्या निसटल्याचे त्यांना कळलेच नव्हते. "मुंग्या आल्यात हाताला. जातील," त्या म्हणाल्या.

"चार दिवस हेच ऐकतेय मी," सासूबाई म्हणाल्या. "माहेरी आल्यासारख्या राहिल्यात त्या मुंग्या."

ताई हसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला धरले, तेव्हा मला घाम फुटायचा बाकी राहिला. बोटांना काही कळेना, म्हणून त्या घाबरून मला आणखी घट्ट आवळत होत्या. आणि जितके घट्ट आवळावे, तितकी थरथर हातात जास्त शिरते. मला ओरडून सांगावेसे वाटे, ताई, सैल धरा! पण लोखंडाला कुठला आवाज?

मग तो दिवस उजाडला. खालच्या वस्तीवर एक गाय अडली होती. धुके इतके दाट होते की गाडीचे पुढचे चाकही नीट दिसत नव्हते. दगडाच्या खाणीला वळसा घालून जाणारा उतार, त्यावर ओली चिकणमाती. ताईंनी ब्रेक दाबायला बोटे पुढे केली. मित्रांनो, ती बोटे ब्रेकवर नुसती टेकली होती. त्यांत दाबच नव्हता. ताईंना मात्र वाटत होते की त्या जीव खाऊन ब्रेक दाबताहेत.

"का लागत नाहीये? लाग ना रे!"

गाडीने वेग घेतला. डाव्या अंगाला खाण आ वासून बसली होती. ताईंनी हाताकडे पाहिले आणि त्यांच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. तसा आवाज मी त्यांच्याकडून कधीच ऐकला नव्हता. त्यांनी पायाचा ब्रेक दाबला, तशी मागची चाके घसरून खाणीकडे फिरली. मग त्यांनी दोन्ही कोपर माझ्यावर टाकले आणि सगळ्या अंगाचा भार देऊन मला उजवीकडे वळवले. आम्ही मातीच्या दरडीवर आदळलो. मी वाकलो. ताई झुडपात फेकल्या गेल्या.

मी वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने झुडूप हलले. ताई उठल्या, मागची औषधांची पेटी सोडवली, दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली आणि लंगडत खाली निघाल्या. धुक्याने त्यांना गिळले.

खालून गाईचे हंबरणे येत होते. मग ते एकाएकी थांबले. अशी शांतता मी कधी सोसली नव्हती. गाय गेली? की ताईच कुठे कोसळल्या?

शेवटी वस्तीवरच्या एका मावशींच्या आधाराने ताई वर आल्या. मावशींच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. "ताईंनी सांगितलं तसं मी केलं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "हात माझे, डोकं त्यांचं. गाय सुखरूप सुटली, वासरू तर केव्हाच उठून उभं राहिलं!"

ताई मात्र आपल्या हातांकडे परक्याच्या वस्तूकडे बघावे तसे बघत होत्या.

दवाखान्यात त्यांना सांगितले, नसा सुजल्यात. काही आठवडे गाडी बंद. अशाच चालवत राहिलात, तर बोटांतली जाणीव परत येईलच असे नाही. तोवर माझी रवानगी ताईंच्या दिरांच्या गॅरेजमध्ये झाली होती. त्यांनी मला काढून टेबलावर ठेवले आणि ताई आल्या तशी भिंतीवरून एक उंच, चकचकीत दांडा उतरवला.

"वहिनी, हा घ्या. सगळे हाच नेतात."

ताईंनी सीटवर बसून तो नुसता धरून पाहिला. "भावजी, मनगट मोडतंय माझं यात. दिसायला राजबिंडा आहे, पण नांदायला कठीण."

मग दोघांनी मला मापाला घेतले. माझी रुंदी, उंची, मुठी मागे किती वळतात ते पाहिले. शेवटी ॲल्युमिनियमचा दांडा निवडला. मध्ये जाड, टोकांकडे बारीक होत जाणारा, मनगट सरळ ठेवणारा. त्याच्या पकडीत रबराच्या गाद्या आणि टोकांना थरथर दाबणारी छोटी वजने. मुठी मऊ, पण फार जाड नाहीत, नाहीतर लहान हाताला त्या जास्तच आवळाव्या लागतात. भावजींनी टायर चाचपले. "हवा केवढी ठासून भरलीय! कुठल्या शहाण्यानं भरली ही?"

"तुम्हीच," ताई म्हणाल्या.

भावजी खाकरले आणि त्यांनी हवा कमी केली. "थरथर कमी होईल वहिनी, पण पार जाणार नाही. मधे मधे थांबायचं, हात मोकळे करायचे."

ताई गेल्या. मी कोपऱ्यात पडून राहिलो. आता भंगारात जायची भीती होती. पण त्याहून मोठी भीती काही आठवड्यांनी एका सकाळी आली. एक दूधवाले काका गॅरेजमध्ये शिरले. "माझ्या गाडीला नवा दांडा नको, जुना एखादा सरळ करून द्या." भावजींनी मला शिकंज्यात आवळले, ठोकून सरळ केले, वरून काळा रंग दिला. मी पुन्हा देखणा दिसू लागलो. पण आत, वाकलेल्या जागी, मी तडकलो होतो. ते फक्त मला ठाऊक होते. मला दिसत होता तो उतार, आणि माझ्यावर भार टाकून वळणारे दूधवाले काका.

तेवढ्यात ताई आल्या. "कुणासाठी हा?"

"आहे एक गिऱ्हाईक. अगदी नव्यासारखा झालाय, बघा."

ताईंनी जुन्या सवयीने माझ्यावरून बोट फिरवले. बोट पुढे गेले, थांबले, मागे आले. त्यांनी डोळे मिटले.

"भावजी, इथं चीर आहे."

"काय सांगता? दिसत तर नाहीये."

"दिसत नाहीये," ताईंनी बोट पुन्हा तिथेच फिरवले, "पण मला लागतेय. बोटाला लागतेय!"

भावजींनी नखाने रंग खरवडला. केसाएवढी रेघ निघाली. ते करवत घेऊन आले. मित्रांनो, करवत लागली तेव्हा मी घाबरलो नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. पण माझ्या आयुष्यात घाबरतानाच सुटल्यासारखे वाटले ते तेव्हाच.

आता माझे दोन तुकडे आहेत. तुमच्यापाशी एकच मागणे. हाताला मुंग्या आल्या तर "जातील" म्हणून सोडून देऊ नका. शरीर आधी हळू आवाजात सांगते. आणि तडकलेल्या वस्तूला रंग लावून दुसऱ्याच्या हाती देऊ नका. ताईंच्या डाव्या करंगळीला अजूनही काही कळत नाही.