सतरा नंबरची नळी

सतरा नंबरची माहिती तिने चौथ्यांदा पुसून नव्याने भरली आणि कॉम्प्युटरला पुन्हा कामाला लावलं. चहा निवेपर्यंत पडद्यावरचा तो हिरवा ठिपका परत लाल ठिपक्यांच्या घोळक्यात जाऊन बसला.

लाल म्हणजे हातापायांतली ताकद हळूहळू घालवणाऱ्या आजाराचे रोगी. हिरवे म्हणजे धडधाकट माणसं. रक्तातल्या हजारो जनुकांची हालचाल वाचून कोण कुठल्या बाजूचं, हे ओळखायला तिनेच तीन वर्षं खपून कॉम्प्युटरमधल्या मॉडेलला शिकवलं होतं. सगळी प्रयोगशाळा त्याला 'शहाणा' म्हणे. रोग्यांचं रक्त दवाखान्यातून येई, पण धडधाकटांचं कुठून आणणार? मग तिथल्याच लोकांनी बाह्या वर करायच्या, ही जुनी रीत. सतरा नंबर तिचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पंधरा दिवस तिची यथेच्छ थट्टा चालली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणत तीही हसण्यावारी नेत होती.

आज मात्र सर कागद घेऊन तिच्या टेबलापाशी आले आणि खुर्ची ओढून बसले. एरवी ते कधी कुणापाशी बसत नसत.

"बाहेरच्या प्रयोगशाळेतून सतरा नंबरचं जनुक थेट तपासून घेतलं," ते म्हणाले. "शहाणा चुकलेला नाही."

तिला आधी हायसं वाटलं. रक्त तिचं नव्हतंच. आणि दुसऱ्याच क्षणी, आपल्याला हायसं वाटलं या गोष्टीनेच तिच्या पायाखालची जमीन सरकली.

सुई दिसली की ती पांढरीफटक पडे. रक्त द्यायच्या दिवशी ताई हिच्या घरी विसरलेल्या किल्ल्या द्यायला आली, तर ही स्टुलावर घामाघूम. ताईने तिला उठवलं, स्वतः बसली आणि हात पुढे केला. एकाच घरचं रक्त, काय फरक पडतोय, असं म्हणाली. रक्त काढणाऱ्या बाईही हसल्या. नळीवर नाव नव्हतंच, नुसता नंबर चिकटवायचा होता.

सर समजावत होते. लवकर कळलं हे बरंच झालं, अजून काही वर्षं हाताशी आहेत, नवी औषधं येताहेत. ती ऐकत होती की नव्हती, देव जाणे. तिला रविवारची बरणी आठवत होती. ताईला झाकण उघडेना. हल्ली मेली झाकणंच घट्ट बसवतात, असं पुटपुटत तिने बरणी हिच्याकडे सरकवली होती. हिने एका हिसक्यात उघडली आणि आपल्या फोनमध्ये डोकं घातलं.

"हे आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असतं," सर म्हणाले. "सख्ख्या भावंडांतही असण्याची शक्यता निम्मी. घरी कोण आहे?"

"ताई." ती म्हणाली. "सर, ते रक्त ताईचं आहे."

सरांनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांनी कागदाची हळूच घडी घातली आणि तिच्या उघड्या मनगटावरून नजर काढून घेतली. निम्मी म्हणजे आपलीही, हे तेव्हा तिच्या डोक्यात शिरलं.

खोली रिकामी झाल्यावर तिने फोन लावला. पलीकडे ताई नेहमीसारखीच.

"बोल."

"ताई, आज दुपारी इकडे येशील? काम आहे."

"तुझं काम म्हणजे सुईच असणार," ताई हसली. "येते की. माझा हात काय, तयारच आहे."

दुपारी ताई आली, तेव्हा रक्त काढणाऱ्या बाई दारापाशी स्टूल मांडून थांबल्या होत्या. तिने डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडली.

"हात माझा," ती म्हणाली. "तू फक्त शेजारी बस."