फ्रिजमागचा कॉलम

आमच्या गच्चीवर एकतीस वर्षं सळया उभ्या आहेत. पोरांचे डोळे फुटू नयेत म्हणून प्रत्येकीच्या टोकावर प्लास्टिकची बाटली उलटी घातलीय. लिमाच्या या टेकडीवर सगळ्याच घरांच्या डोक्यावर अशी शिंगं असतात. जमेल तेव्हा वरचा मजला चढवायचा. आमची येसिका पोटुशी राहिली नि माझा नवरा फॉर्तुनातो म्हणाला, "आता चढवू. लेक-नात वर राहतील."

घर आनंदात होतं, मी सोडून.

कारण स्वयंपाकघरातल्या दोन कॉलमांत काय आहे, ते फक्त मला माहीत होतं. एकतीस वर्षांपूर्वी कॉलम भरायच्या त्या रविवारी सगळी गल्ली घमेली घेऊन दारात हजर होती. चुलीवर सुक्या बटाट्याचा रस्सा रटरटत होता, आणि नदीच्या वाळूचा दुसरा ट्रक आलाच नाही. चार कॉलम झाले, वाळू संपली. फॉर्तुनातो वर फळ्यांवर चढून माझ्या नावाने ओरडत होता, "वाळू! अगं नेली, वाळू आण!" आमच्याकडे मदतीला जमलेली गल्ली कुणी परत पाठवत नाही. एकदा पाठवली की पुन्हा कोण येतंय? मी मासेवाल्याला गाठलं आणि त्याचा ट्रक भरून समुद्रकाठची वाळू आणवली. वर दोन बादल्या पाणी ओतलं नि मनाशी म्हटलं, धुतली. नवऱ्याला सांगितलं, नदीचीच आहे.

खारी वाळू आतलं लोखंड खाते, हे मला कॉलमवर पहिला तांबडा डाग उठला तेव्हा कळलं. दर नाताळात मी तो रंगवत आले. मग भेग पडली, तेव्हा पुढ्यात फ्रिज आणून ठेवला. जमीन जरा हलली की घरातले दाराकडे धावतात आणि मी आधी फ्रिजकडे बघते. अशी एकतीस वर्षं काढली. मूर्ख बाई, दुसरं काय!

मजल्यासाठी फॉर्तुनातोने त्याचा जुना गवंडीच ठरवून टाकला होता. येसिका अडून बसली.

"बाबा, तो तुमचा दोस्त आहे. तो तुम्हाला कशालाच 'नाही' म्हणणार नाही. मला 'नाही' म्हणणारं माणूस हवंय."

"म्हणजे पदरचे पैसे घालून नकार विकत आणायचा? वा! शिकवल्याचं सार्थक झालं."

शेवटी शनिवारी सकाळी इंजिनीअर आली. कासेरेस आडनावाची किरकोळ अंगाची बाई, हातात छोटा हातोडा. ती कॉलमवर टकटक करून कान लावायची.

"काय, खोकतोय का कॉलम?" फॉर्तुनातोने टोमणा मारला.

"ठणठणीत आहे, काका. छान भरलाय."

चार कॉलम झाले. फॉर्तुनातोची छाती फुगली. मग बाई स्वयंपाकघरात शिरली.

"हा फ्रिज जरा सरकवा."

"नको!" मी म्हटलं. "मागे वायर उघडी आहे. शॉक बसेल."

"मग आधी वायर दुरुस्त करून घ्या. मी पुढच्या आठवड्यात परत येते. हे दोन बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

"राहू द्या मग!" फॉर्तुनातो तडकला. "चार चांगले, तर दोन काय वाईट असणार? एकाच दिवशी, एकाच वाळूने भरलेत. माझा गवंडी परवा काम सुरू करतो."

बाईने हातोडा पिशवीत टाकला. मी सुटले होते. नुसतं तोंड बंद ठेवायचं होतं.

तेवढ्यात येसिका पोटावर हात ठेवून छताकडे बघत म्हणाली, "पाळणा वर याच कोपऱ्यात ठेवीन, आई. खाली तुझी शेगडी, म्हणजे पोरीला ऊब मिळेल."

मी फ्रिजला खांदा लावला आणि तो सरकवला.

"एकाच वाळूने नाही भरले," मी म्हणाले. "ही समुद्राची आहे. मी आणली."

बाईने भेगेत छिन्नी घातली, दोन घाव घातले. गिलाव्याचा पोपडा खाली पडला. आतली सळई घातली तेव्हा अंगठ्याएवढी जाड होती. आता करंगळीएवढीही उरली नव्हती. बाईने एक पापुद्रा बोटांत धरला तर त्याचा भुगा झाला.

"वरचा मजला विसरा," ती म्हणाली. "आज इथे टेकू लावा. लागेपर्यंत या खोलीत कुणी थांबायचं नाही."

फॉर्तुनातो खाली बसला. "नेली," तो एवढंच म्हणाला. त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

बाई वहीत लिहिता लिहिता थांबली. "काकू, दोन कॉलमांना कितीशी वाळू लागते? ट्रकभर आणलीत ना? उरलेली कुठे गेली?"

हा प्रश्न मी स्वतःलाही कधी विचारला नव्हता. विचारू दिला नव्हता. उरलेला ढीग गल्लीतच पडून होता. पुढच्या रविवारी समोरच्या सोयलाच्या घराचे कॉलम भरायचे होते. सोयला येसिकाची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, त्या नात्याने आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. तिने आमच्याकडे घमेली उचलली, आम्ही तिच्याकडे. वाळू तिला मीच दिली. हौसेने दिली.

सोयलाचं घर आता तीन मजली आहे.

मी खाली पडलेला गंजाचा एक तुकडा मुठीत धरून गल्ली ओलांडली. तिसऱ्या मजल्यावर सोयला दुपटी वाळत घालत होती. तिच्यामागे पोरं धाडधाड उड्या मारत होती.

"काय गं कोमाद्रे!" ती वरून ओरडली. "कधी घालताय स्लॅब? रश्श्याचं मोठं पातेलं माझ्याकडून हं!"

पोरांनी पुन्हा उडी मारली.

"सोयला," मी म्हटलं, "खाली ये. पोरांना घेऊन ये. सगळ्यांना घेऊन ये."