केतनच्या जहाजाची वेळ

मी टांगलेला आहे घाटकोपरच्या भिंतीवर, पण वेळ दाखवतो समुद्रातली. शेजारचं थोरलं घड्याळ इथली वेळ सांगतं. त्यामुळे घरात पाहुणा आला की माझ्याकडे बघून हमखास म्हणतो, "याचा सेल गेला वाटतं."

सेल चांगला शाबूत आहे. संघमित्राबाईंचा केतन पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर लागला, कपडे धुण्याच्या कामाला, तेव्हा त्यांनी मला स्टेशनबाहेरून आणलं. जहाज पश्चिमेला निघालं की तिथली घड्याळं अधूनमधून तासभर मागे करतात. केतनचा निरोप आला की बाई स्टुलावर चढतात, माझ्या पाठीची कळ फिरवतात आणि म्हणतात, "घे, झोप तासभर जास्त." जणू मीच तिकडे राबतोय.

मग केतनच्या धाकट्या बहिणीचं, मनालीचं लग्न ठरलं. "दादा फोनवर दिसल्याशिवाय मी उभी राहणार नाही," असं तिने बजावलं. या घरात मुहूर्त पाळत नाहीत, म्हणून वेळ केतनच्या सुट्टीवर बेतली. त्याला जहाजावर दुपारी तीनला सुट्टी, तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात.

आदल्या दिवशी निरोप आला, "आई, आज घड्याळ एक तास मागे आलं." बाईंनी मला बरोबर मागे केलं आणि त्याच झपाट्यात लग्नही अलीकडे ओढलं. "साडेसातला नाही, साडेसहाला या," असे सगळ्यांना फोन केले. मला तोंड असतं तर सांगितलं असतं, बाई, तिकडचं घड्याळ मागे गेलं की पोराची सुट्टी इथे उशिरा येते. पण मला नुसती टिकटिक येते.

बाईंनी मला पिशवीत घालून बुद्धविहारात नेलं. साडेसहाला माणसं जमली. केतन काही फोन उचलेना. शेवटी मनालीने मला पिशवीतून काढलं.

"आई, इथे एकच वाजलाय गं. दादा तीनला सुटतो ना?"

"पण मागे आलं म्हणाला ना तो." बाईंनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "वाट लावली मी तुझ्या लग्नाची."

नवऱ्या मुलाचे, हर्षदचे वडील पुढे आले. "कसली वाट, विहीणबाई? जेवणं आधी उरकू. भरल्या पोटी मंगलगाथा काय वाईट लागते?"

पंगती उठल्या आणि केतन फोनवर दिसला, कामाच्याच कपड्यांत. गाथा सुरू झाली. तोही हात जोडून म्हणत होता, पण त्याचा आवाज इथे उशिरा पोचायचा. गाथा म्हणणारे प्रत्येक ओळीला थांबायचे, त्याची ओळ पुरी होऊ द्यायचे. सगळं विहार थांबत होतं.

आता जहाज परतीला लागलंय. माझे काटे पुढे सरकतात आणि पोराची झोप तुटते, म्हणून बाई हळहळतात. तुमचंही कुणी असं दूर असेल तर एवढंच करा. मनात हिशेब मांडत बसू नका. आधी विचारा, "तुझ्याकडे किती वाजले रे?" आणि मग विचारा, "जेवलास का?"