बयाबाईच्या बाटलीतला पारा

मी पारा बोलतोय. तापमापकातला नव्हे, तो माझा शिकलेला भाऊ, काचेत बसून लोकांचा ताप मोजतो. मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेच्या कडेला, बयाबाईच्या फळीवर औषधाच्या जुन्या बाटलीत राहायचो. साल होतं १९९४.

बयाबाई झारेकरीण. सोनारांच्या दुकानांतला केर पोत्यात भरून आणायची, जाळून राख करायची आणि घरामागच्या ओढ्याकाठी परातीत धुवायची. त्या राखेतले सोन्याचे कण माणसाला दिसत नाहीत, मला बरोबर सापडतात. ती मला परातीत ओतून हातानं चोळायची, मी कण न् कण गिळायचो. मग मला फडक्यातून पिळून उरलेला गोळा ती शेगडीवर तापवायची. सोनं खाली राहायचं, मी वाफ होऊन जायचो. "पारा उडाला," एवढंच ती म्हणायची. मी फार लांब जात नसे. थोडा पत्र्यावर बसायचो, थोडा तिच्या छातीत.

परातीतलं पाणी ओढ्यात जायचं, त्याबरोबर मीही. गाळातल्या बारीक जिवांनी माझं रूपच बदललं. तो गाळ अळ्यांनी खाल्ला, अळ्यांची चिलटं झाली आणि मला पंख फुटले. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा मजा वाटली.

बयाबाईच्या आढ्याला पाकोळ्या राहायच्या. किडे खाणारी, अंगठ्याएवढी वटवाघळं. दिवेलागणीला त्या ओढ्यावर उतरायच्या आणि पोटभर चिलटं खायच्या. एकेका चिलटात मी नावापुरता असायचो, पण एकदा अंगात शिरलो की मी लवकर निघत नाही.

तिचा नवरा पिराजी पाकोळ्यांच्या लेंड्यांना वैतागला होता. धूर करून हाकलतो म्हणाला, तेव्हा बयाबाई आडवी आली.

"ऱ्हाऊ देत की. डास खात्यात, तुमचं काय खात्यात?"

उन्हाळ्यात एखादं पिल्लू खाली पडलं, की ती फडक्यात उचलून, स्टुलावर चढून त्याला आढ्याला लावायची. तिला मूलबाळ नव्हतं. पाकोळ्या मात्र वर्षागणिक कमी होत गेल्या आणि का, ते तिला कळेना. चाळीसाच्या सात राहिल्या.

२००३ साली एकच पिल्लू झालं. आईच्या दुधातून मी त्याच्यात आधीच पोचलो होतो. एका सकाळी ते जमिनीवर पडलेलं दिसलं. बयाबाई स्टुलावर चढली. तिचा हात आता थरथरायचा. वय झालं, असं ती सांगायची. पिल्लाचे पायही थरथरत होते. लाकूड त्याच्या नखांत ठरेना आणि तिचा हात लाकडापाशी ठरेना.

"धर की रं," ती म्हणाली. "एवढं धर."

तीनदा तिनं लावलं. चौथ्यांदा ते तिच्या बोटांतून निसटून फरशीवर पडलं आणि हललं नाही.

"माझ्याच हातानं गेलं वो," ती पिराजीला म्हणाली आणि स्टुलावर बसून रडली.

मी सोन्याखेरीज सहसा कशाला चिकटत नाही, मायेला तर नाहीच. पण त्या दोन्ही थरथरींत मीच होतो, आणि त्या दिवशी मला वाईट वाटलं. मला तिला सांगायचं होतं. तोंड नव्हतं.

पिल्लू तिनं ओढ्याकाठी पुरलं, म्हणून मी पुन्हा गाळात आहे. आढं आता रिकामं आहे. फळीवरच्या बाटलीत मी अजून अर्धा शिल्लक आहे. कुणीतरी बाटलीचं बूच घट्ट लावा. आणि शेगडीवरून मी दिसेनासा झालो, तर पारा उडाला असं म्हणू नका. मी कुठं गेलो, ते विचारा.