शेवटच्या पायरीपर्यंत

संध्याकाळी आवाजाची चाचणी सुरू झाली तेव्हा ती मुद्दाम सगळ्यात वरच्या, शेवटच्या पायरीवर जाऊन बसली. खाली रंगमंचावर नाटकातली मुलगी उभी राहिली. तिने हात पसरले, तोंड उघडलं. ओठ हलले, मान हलली, हातवारे झाले. वर ऐकू आली ती फक्त झाडांची सळसळ.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयामागच्या उतारावरचं हे खुलं नाट्यगृह तिनेच आखलं होतं. पाडलेल्या वसतिगृहाचे दगड पायऱ्यांना वापरले होते. एकही झाड तोडलं नव्हतं. पावसाचं पाणी पायऱ्यांच्या फटींतून झिरपून खाली जमिनीत मुरावं, अशी सोय होती. दुपारी मुलांनी इथे डबे खावेत, संध्याकाळी नाटकं करावीत. आणि माईक नाही, स्पीकर नाही, वायरींचं जंजाळ नाही. "इथे माणसाचा आवाज आपला आपण माणसापर्यंत पोचेल," असं तिने सभेत छातीठोकपणे सांगितलं होतं. प्राचार्यांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते थेट निमंत्रणपत्रिकेवर छापलं.

तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की गेल्या हिवाळ्यापासून तिचा डावा कान जवळजवळ बंद पडला होता. तिने सांगितलंच नव्हतं. आवाजाची हमी देणारी बाईच बहिरी होत चाललीय म्हटल्यावर तिच्या नकाशाला कोण विचारणार? घरात थोरली बहीण होती, आक्का. दोघीच राहायच्या. पण तिलाही तिने थांग लागू दिला नव्हता.

मुलीचं बोलणं संपलं असावं. शेजारी बसलेल्या प्राचार्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिने घाईघाईने मान डोलावली.

"सुरेख!" प्राचार्य म्हणाले. पलीकडून नाट्यशिक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणजे सगळ्यांना ऐकू आलं. फक्त आपल्यालाच नाही. म्हणजे आता उजवाही चालला.

त्या दिवशी जेवताना ती आक्काच्या ओठांवरून नजर हटवेना.

"माझ्या तोंडाला काही लागलंय का?" आक्काने विचारलं.

"नाही गं."

"मग वाढ की आमटी. दोनदा सांगितलं."

दुसऱ्या दिवशी तिने कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. बंद खोलीत ती कानांवर यंत्र चढवून बसली. ऐकू आलं की बटण दाबायचं होतं. भीतीने ती उगाचच दाबत सुटली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आत येऊन तिला पाणी दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"डावा बराचसा गेलाय. यंत्र लावावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उजवा मात्र ठणठणीत आहे."

"नक्की?"

"लोक वाईट बातमीवर शंका घेतात. तुम्ही चांगल्या बातमीवर घेताय!"

जिना उतरेपर्यंत तिला हलकं वाटलं. रस्त्यावर आली आणि तिचे पायच थबकले. उजवा कान ठणठणीत असेल, तर मुलीचा आवाज वर आलाच नव्हता. खोट कानात नव्हती, नाट्यगृहात होती. आणि उद्घाटन आठवड्यावर येऊन ठेपलं होतं.

त्याच संध्याकाळी ती आक्काला घेऊन तिथे गेली. आक्काचे कान तिखट. शेजारच्या घरातली कुजबुजसुद्धा तिच्या तावडीतून सुटायची नाही.

"तू वर बस. मी खालून बोलते. ऐकू आलं तर हात वर कर."

"आणि नाही आलं तर?"

"तर नको करूस."

ती रंगमंचाच्या मधोमध उभी राहिली. काय बोलावं ते सुचेना. मग नाटकातल्या माणसासारखा स्वर लावून तिने आतलं होतं तेच बाहेर काढलं. "आक्का, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

आक्का ढिम्म.

ती काही पायऱ्या चढली. पुन्हा तेच म्हणाली. आक्काने नुसते डोळे बारीक केले. आणखी वर, अर्ध्या वाटेवर थांबून तिने तिसऱ्यांदा सांगितलं, आणि या वेळी तिचा आवाज कापला.

आक्काचा हात वर गेला. मग खाली आला आणि तोंडावर गेला.

ती वर चढून शेजारी येऊन बसली. आक्का म्हणाली, "मला वाटायचं, तू माझ्यावर रुसली आहेस. हाक मारली तरी ओ देत नाहीस."

"रुसेन कशाला?"

"तेच मला कळेना! किती दिवस झुरतेय मी." आक्काने डोळे पुसायला ओढणी हातात घेतली, तर ती सुटून समोर, रंगमंचाच्या दिशेने फडफडू लागली.

तिने ते पाहिलं मात्र, उठून उभीच राहिली. वारा पाठीमागून येत होता, टेकाडावरून खाली. संध्याकाळ झाली की तो उतरत असणार आणि बोलणाऱ्याचे शब्द मागे ढकलत असणार. तिने आवाज तपासला होता तो नेहमी सकाळी, वारा पडलेला असताना.

दुसऱ्या दिवशी तिने प्राचार्यांच्या खोलीचं दार ठोठावलं. आत गेल्यावर तिने सगळं सांगितलं, वाऱ्याचं आणि कानाचंही. त्यांचा चेहरा उतरला.

"खरं सांगू? मलाही ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले. "तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, वयामुळे आपलेच कान गेले."

"सर, मला थोडा वेळ द्या."

"पत्रिका वाटून झाल्यात, बाई! स्पीकर मागवू या सरळ."

"मागवा. पण माझं काम पुरं झाल्यावरही आवाज पोचला नाही, तर."

शेवटी त्यांनी महिनाभर पुढची तारीख दिली. नाटक लांबल्यामुळे नाट्यशिक्षक तिच्याशी बोलेनासे झाले.

वारा अडवायला उरलेल्या दगडांची एक भिंत तिने वरच्या कडेला घातली आणि तिच्यामागे दाट झुडपं लावली. झाडं दिसावीत म्हणून रंगमंचामागची बाजू तिने उघडी ठेवली होती, तिथे आवाज प्रेक्षकांकडे परतवायला जड मनाने दुसरी बाकदार भिंत उभी केली. रोज संध्याकाळी आक्का वर बसून हात वर करायची, कधी अर्धाच करायची.

"अर्धा म्हणजे काय?"

"म्हणजे 'घर' म्हणालीस की 'गर', ते कळलं नाही."

झुडपं अजून गुडघ्याएवढीच होती, आणि तारीख आली.

पायऱ्या भरल्या. ती आक्काला बिलगून वरच बसली होती. नाटक सुरू झालं. शब्द येत होते, बारीक पण सुटे सुटे. तरी तिला धीर धरवेना, प्रत्येक वाक्याला ती आक्काचं मनगट आवळत होती. मध्येच मुलगी थबकली. पुढचं वाक्य विसरली. सगळीकडे चिडीचूप. आणि रंगमंचाच्या आडोशाला बसलेल्या नाट्यशिक्षकांची कुजबुज शेवटच्या पायरीपर्यंत लख्ख ऐकू आली, "अगं, 'दार उघडा' म्हण!"

हास्याचा एकच स्फोट झाला. मुलगीही हसली आणि तिने ते वाक्य म्हटलं.

"माझं मनगट सोड आता," आक्का म्हणाली.

तिने सोडलं. वर, झाडांच्या शेंड्यांत वारा पुन्हा उठत होता. ती जरा पुढे झुकली आणि पुढचं वाक्य ऐकू लागली.