ब्रीज हॅनलीचं धरणं

ब्रीज हॅनली मंगळवारी सकाळी आली आणि टिअर्नी मास्तरांच्या फाटकाबाहेर घडीची खुर्ची टाकून बसली. मास्तरांच्या बायकोनं, ऊनानं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला पाहिलं. आधी वाटलं, चढ चढून बाईला धाप लागली असेल. पण खुर्ची घेऊन कोण फिरायला निघतं? फेब्रुवारीतला समुद्रावरचा वारा हाडं गोठवत होता. ऊना शाल गुंडाळून बाहेर गेली.

"ब्रीज, अगं आत ये की. चहा टाकलाय, ब्रेड आत्ताच भट्टीतून काढलाय."

"राग मानू नकोस ऊना, पण तुझ्या घरचं मला चालणार नाही. मी मास्तरांच्या दारात उपास धरलाय."

"कसला गं? ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायला अजून दोन आठवडे आहेत!"

ब्रीज हसली नाही. "त्यांना जाऊन सांग. त्यांना कळेल. त्यांनीच तर लिहून ठेवलंय."

लोर्कन टिअर्नीनं तीस वर्षं गावची शाळा चालवली होती. अख्खं गाव त्याला मास्तरच म्हणायचं. निवृत्तीआधी त्यानं दोन पुस्तकं लिहिली, एक परगण्याच्या इतिहासावर आणि एक आयर्लंडच्या जुन्या कायद्यावर. दोन्ही मिळून तीनशे प्रतीही खपल्या नाहीत. मग दोन वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ मॅलकी गेला आणि लोर्कननं एकाएकी खुनाची कादंबरी लिहायला घेतली. ती मात्र विमानतळावरच्या दुकानांतसुद्धा दिसू लागली.

ऊना आत आली तेव्हा तो टोस्टला लोणी लावत होता. तिनं निरोप सांगितला. सुरी त्याच्या हातात तशीच राहिली.

"जुन्या कायद्यात होतं ते," तो म्हणाला. "साध्या माणसावर बड्या माणसानं अन्याय केला, तर त्यानं त्या बड्याच्या दारात उपाशी बसायचं. तो बसलाय तोवर आतल्यानंही जेवायचं नाही. जेवला तर त्याची पत गेली. कुठल्याही न्यायसभेत त्याचा शब्द चालायचा नाही."

"मग उठवायचं कसं त्याला?"

"तारण द्यायचं. त्याचं म्हणणं ऐकून घेऊ म्हणून."

"मग दे ना. काय म्हणणं आहे तिचं?"

"डोकं फिरलंय तिचं," लोर्कन म्हणाला आणि त्यानं टोस्ट खाल्ला. सगळा. शांत घरात त्याच्या चावण्याचा आवाज ऊनाला बराच वेळ येत राहिला.

बुधवारी गावाला बातमी लागली. क्रिस्टी मॅगिलनं ट्रॅक्टर थांबवला. "काय ब्रीज, इथून बस जात नाही, ठाऊक आहे ना?"

"मला कुठं जायचंय? यायचं होतं तिथं आलेय."

क्रिस्टीचं हसू मावळलं. तासाभरानं तो गवताच्या पेंढ्या घेऊन परत आला आणि तिच्या वाऱ्याच्या बाजूला रचून गेला. दुपारी पोलीस सार्जंट आला. लोर्कननंच फोन करून बोलावला होता.

"रस्ता सरकारी आहे मास्तर," तो फाटकातूनच म्हणाला. "आणि न जेवल्याबद्दल आत टाकायला लागलो, तर नाताळनंतर वजन उतरवणारी माझी बायको दर जानेवारीत तुरुंगात असेल."

लोर्कननं पुढच्या खोलीचे पडदे ओढून घेतले. आता तो मागच्या मोरीत उभ्यानं खायचा, घाईघाईनं, दाराकडे पाठ करून. ऊनाच्या घशाखाली मात्र घास उतरेना. छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं या माणसाला उभ्यानं खाताना पाहिलं नव्हतं. संध्याकाळ व्हायच्या आत ती बाहेर गेली आणि पेंढीवर ब्रीजच्या शेजारी बसली.

"काय केलंय त्यानं? मला सांग."

ब्रीजनं कोटातून मास्तरांची कादंबरी काढली. पान दुमडून ठेवलेलं होतं.

"माझा भाऊ एंडा गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. नाचाला म्हणून गेला तो परतलाच नाही. सगळे म्हणाले, बोटीनं इंग्लंडला पळाला. त्या संध्याकाळी त्याच्या नव्या कोटाचं वरचं बटण माझ्या हातून तुटलं. आई ओरडेल म्हणून मी तिथं घोड्याच्या झुलीची पिन लावून दिली. पितळी, एवढी मोठी. मग काय, कुणाला बोललेच नाही मी. आईला नाही, पोलिसांनाही नाही. आणि इथं बघ. या मेलेल्या पोराच्या गळ्याशी काय आहे ते वाच."

ऊनाला वाचायची गरज नव्हती. छापायला जाण्याआधी तिनंच ते पुस्तक दोनदा तपासलं होतं. त्या पिनेपाशी थांबून नवऱ्याला म्हणाली होती, किती छान सुचलं रे तुला हे.

"आईला लिहिता येत नव्हतं," ब्रीज सांगत होती. "दर नाताळला ती मास्तरांकडे जायची. तिच्या वतीनं ते पत्रं लिहायचे. बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, तिथल्या पाद्र्यांना. माझा मुलगा तुमच्याकडे दिसला का म्हणून. अकरा वर्षं, ऊना. सुरेख अक्षरात. आई त्यांना अंडी नेऊन द्यायची."

ऊना घरात गेली ती थेट लोर्कनच्या टेबलापाशी.

"ती पिन कुठून आली?"

"सुचली."

"लोर्कन."

"गाडी मॅलकी चालवत होता," तो म्हणाला. "खूप प्यायलेला होता, एंडा त्याला दिसलाच नाही. त्याची पोरं लहान होती गं, धाकटी तर पाळण्यात. मी शेजारी बसलो होतो."

"आणि पत्रं?"

"नाही म्हटलं असतं तर तिला संशय आला असता."

"उद्या सकाळी फाटकाशी तू जा," ती म्हणाली, "नाहीतर मी जाते."

सकाळी ब्रीजचे ओठ निळे पडले होते. दोन दिवसांत पाण्याशिवाय तिच्या पोटात काही नव्हतं. लोर्कन टोपी हातात घेऊन फाटकाशी आला. ऊना त्याच्या मागे.

"ब्रीज, मी तारण द्यायला तयार आहे."

"तारण घरी ठेवा मास्तर. जागा सांगा."

त्यानं सांगितली. डोंगरामागच्या दलदलीत मॅलकीच्या वाटणीला आलेला तुकडा, जिथं तीन चर एकत्र येतात. गावकरी तिथलं मातीचं जळण काढायचे. मॅलकीनं मात्र आपला तुकडा कधी कुणाला खणू दिला नव्हता.

ब्रीजनं डोळे मिटले, उघडले. "अजून एक. पुस्तकात तो पोरगा गाडीच्या मागच्या सीटवर आईला हाका मारतो. ते तुमच्या मनातलं ना?"

लोर्कन कुंपणाकडे बघू लागला.

"मास्तर, मी विचारतेय. गाडीत घातलंत तेव्हा तो जिवंत होता का?"

लोर्कन वळला आणि घरात निघून गेला. सार्जंटला फोन ऊनानं केला.

नऊ दिवस खणत होते. दलदल काही कुजू देत नाही, त्यामुळे ब्रीजला भाऊ ओळखता आला. लोर्कनला अटक झाली. त्यानं सगळं कबूल केलं, तेवढा एक प्रश्न सोडून. त्या महिन्यात कादंबरी आधीपेक्षा दुप्पट खपली आणि अनोळखी लोक गाड्या घेऊन फाटकाचे फोटो काढायला येऊ लागले. ऊनानं घराबाहेर पडणं सोडलं.

त्याला भेटायला तुरुंगात ती एकदाच गेली, मे महिन्यात. इकडचं तिकडचं काही बोलली नाही. ब्रीजनं विचारलं होतं तेच तिनं विचारलं.

"खाडीच्या पुलापर्यंत जिवंत होता," लोर्कन म्हणाला. "दवाखाना पुलापलीकडेच होता." आणि तो रडायला लागला. ऊना त्याचं रडणं थांबायची वाट न बघता उठली.

परतीच्या बसमध्ये तिनं ठरवलं, ब्रीजला सांगायलाच हवं, तिचा तो हक्क आहे. गावात उतरल्यावर ती घरी गेलीच नाही. हॅनलींच्या दाराशी उभी राहिली आणि कडी वाजवली.

ब्रीजनं दार उघडलं. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. ऊनाचा चेहरा तिनं क्षणभर पाहिला, आणि पिठाचा हात पुढे करून तिच्या तोंडावर ठेवला.

"नको," ती म्हणाली. "ऊना, नको सांगूस."