दोन बोटं लांब

लांबी

पुण्याच्या दुकानदाराने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, रायफलचा दस्ता कुणासाठी हवाय?"

"घरासाठी," जुलेखा म्हणाली.

"घरासाठी मिक्सर घेतात, ताई." प्रणय त्याचं नाव, माणूस हसरा होता. "दस्ता एका माणसाचा असतो. खांद्यापासून ट्रिगरपर्यंत लांबी किती, गाल कुठे टेकतो, सगळं त्याच्या अंगाप्रमाणे. रायफल चालवतं कोण?"

"मुलाची आहे."

"मग मुलाचं माप पाठवा."

"तो दोह्याला असतो. चालवते मीच."

प्रणय म्हणाला, "अहो, मग तुमचं पाठवा ना!"

एवढं सोपं. तरी फोन ठेवल्यावर जुलेखा कितीतरी वेळ स्वयंपाकघरातच उभी राहिली. या घरात तिच्या मापाचं काही मागवायची ही पहिलीच वेळ होती.

घर

म्हसळ्याहून खाडीकडे उतरताना लागणारं हे घर तिच्या नवऱ्याने, हमदुल्लाने, बहारीनच्या पगारावर बांधलं. बांधलं ते येणाऱ्यांच्या हिशोबाने. जेवायचं टेबल आठ जणांचं. हमदुल्ला स्वतः दोन वर्षांनी महिनाभर येई, म्हणून त्याच्या पलंगाच्या गादीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. मुलाची, झियानची खोली त्याच्या न ठरलेल्या लग्नाच्या मापाची. कपाट भिंतभर, अर्धं सुनेसाठी रिकामं. फरशी, पडदे, पंखे, सगळं तिकडून फोनवर ठरलेलं. गावात अशीच घरं होती आणि अशीच ठरत होती. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. जुलेखालाही वाटलं नव्हतं.

वारा खेळावा म्हणून दारं एका रेषेत घेतली होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून सगळी दारं उघडली, की हॉलमधून, हमदुल्लाच्या खोलीतून नजर थेट झियानच्या भिंतीवर जाई. दहा मीटर. नेमबाजीला लागतात तेवढेच. हे कॉलेजात असताना झियानने शोधून काढलं आणि बापाकडून हवेच्या दाबाची रायफल मागून घेतली. शिशाचे इवलेसे छर्रे, समोर कागदी निशाण, मागे छर्रे अडवणारी लोखंडी पेटी.

दोह्याला जाताना तो म्हणाला होता, "अम्मी, आठवड्यातून एकदा चालव हां. पडून राहिली की आतली सीलं वाळतात."

तिने चालवली, कुणी परगावी गेलेल्या शेजाऱ्याच्या कुंड्यांना पाणी घालावं तशी. मग एके दिवशी छर्रा निशाणाच्या ऐन मध्यात गेला. तो कागद तिने कुणाला दाखवला नाही, कारण घरात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा रायफल उचलली. त्यालाही आता दोन वर्षं झाली. दुपार उतरताना असरची नमाज झाली की हातपंपाने हवा भरायची, झियानचं जाड कॅनव्हासचं जाकीट चढवायचं, उंबऱ्यात उभं राहायचं.

लाकूड

पावसाळ्यात लाकडी दस्ता दमट हवेने फुगे. स्क्रू आवळले जात, नेम डावीकडे सरके. पण खरी अडचण ती नव्हती. दस्ता झियानचा होता. त्याच्या लांब हातांसाठी त्याने तो मागून वाढवून घेतला होता, गालाची जागाही वर उचलली होती. जुलेखाला मान पुढे ताणावी लागे. रात्री पाठ दुखे.

ॲल्युमिनियमचा दस्ता फुगत नाही. आणि त्याचा प्रत्येक भाग सरकतो.

गाल

माप एकट्याला घेता येत नाही. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल सहज पडेल तिथे पडू द्यायचा, आणि त्या वेळी दुसऱ्या कुणीतरी टेप लावायची.

दुसरं कुणीतरी म्हणजे मनुबाई. डोंगराकडच्या वाडीतून ती झाडलोटीला यायची.

"भाबी, माज्यावर न्हाय ना सुटायची?"

"रिकामी आहे गं. कोपरापासून बोटापर्यंत धर टेप."

"हललात की माप चुकंल. पोरगी बघाया पावणं आल्यावाणी उभ्या ऱ्हावा." मनुबाईने तिचा दंड धरला, जाकिटाची सुरकुती हाताने सारखी केली, हनुवटी दोन बोटांनी किंचित वर केली. "हां. आता बरं दिसतंय."

जुलेखाचे डोळे मिटलेलेच होते. माप घेऊन झालं तरी तिने ते उघडले नाहीत.

"झालं की भाबी. झोप लागली का काय?"

वजन

(यावर काही ठरलं नाही. प्रणय म्हणाला, ते नंतर बघता येतं.)

पुन्हा लांबी

प्रणयने दोन दस्ते सुचवले. एक मोठ्या सांगाड्याचा; उंच माणसापर्यंत कुणालाही चाले, फक्त सगळ्यात आत ढकलला तरी जुलेखाला दोन बोटं लांब. दुसरा लहान. तो तिला नेमका बसे, पण झियानच्या मापापर्यंत कधीच वाढला नसता.

तिने झियानला फोन लावला.

"मोठाच घे ना अम्मी. दोघांना चालेल. मी आलो की मागे ओढायचा, गेलो की तू आत ढकल."

"मला लांब पडतो."

"दोन बोटांनी काय होतंय? सवय होते."

"कधी येतोस?"

"येतो ना. ईदला बघू, इन्शाअल्लाह."

"कुठल्या ईदला?"

"अम्मी, तू पण ना! सुट्टी मिळायला नको?" तो हसला. मागे कुणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो. मोठा घे."

रात्री हमदुल्लाचाही फोन आला. पोराने त्याला सांगितलं होतं. "घ्यायचाच आहे तर दोघांना होईल असा घे. पुन्हा पुन्हा थोडंच घेणार आपण?"

मनुबाईचंही तेच. "पोर येईल तवा त्याला नको का? त्याचंच खेळणं न्हाय का ते?"

सगळ्यांचं बरोबर होतं. जुलेखाने स्वतः हे टेबल, हे पलंग याच हिशोबाने पुसत आणले होते.

टॉवेल

दुसऱ्या दिवशी तिने एक युक्ती केली. लाकडी दस्त्याला झियानने मागून जोडलेला तुकडा पहिल्यांदाच स्क्रू काढून उतरवला. लहान दस्त्याचं माप साधारण तेच होतं. दहा छर्रे मारले. मग खांदा आणि दस्ता यांच्यामध्ये दोन बोटं जाडीची टॉवेलाची घडी ठेवली आणि आणखी दहा मारले.

पहिले दहा नाण्याखाली झाकले गेले असते. टॉवेलचे दहा, बशीखाली.

दोन्ही कागद तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आठ खुर्च्या. बशीचा कागद म्हणजे झियान येईल तो दिवस, आणि तोवरचे सगळे दिवस मान ताणून. नाण्याचा कागद म्हणजे, तो येणार नाही असं आपल्या हाताने लिहून देणं. निदान राहायला नाही. पाहुणा म्हणून येईल, महिनाभर, बापासारखा.

हे तिला आधीपासून माहीत होतं. मापात मांडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तिने प्रणयला फोन लावला. "लहान पाठवा."

"नक्की ना ताई? मग मुलाला नाही व्हायचा तो."

"नाही व्हायचा," जुलेखा म्हणाली. परसातल्या सुपारीच्या विक्रीचे पैसे तिचे स्वतःचे होते, तेच भरले.

बसवल्यावर

दस्ता आला. तिने तो स्वतः बसवला आणि झियानला सांगितलं.

तो म्हणाला, "म्हणजे तू धरूनच चाललीस."

"तू ये. तुझा दस्ता कापडात गुंडाळून ठेवलाय. आलास की बदलून देईन."

"दर वेळी बदलणार?"

"येशील तितक्या वेळा."

यावर तो हसला नाही. "बरा आहे का पण?" त्याने विचारलं. विचारताना आवाज लहानपणीचा होता.

"बरा आहे."

फोन ठेवून तिने दारं उघडली. रायफल खांद्याला लावली, डोळे मिटले. गाल आपोआप थंड पट्टीवर पडला, मान ताणावी लागली नाही. डोळे उघडले तेव्हा दोन रिकाम्या खोल्यांपलीकडचं निशाण साईटच्या गोलात अगदी मधोमध होतं. तिने काहीच हलवलं नव्हतं.

इतकं नेमकं तिला आजवर काही बसलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली, छर्रा न सोडता, हात भरून येईपर्यंत.